घरी बनवायचं रोबोट हेल्मेट: दिवे लागले की समोरचं दिसेनासं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा: कॉस्प्लेसाठी, म्हणजे एखाद्या पात्राचा पोशाख करण्यासाठी, ईव्हीए फोमचं (हलका, रबरासारखा लवचीक फोम) रोबोट हेल्मेट बनवायचंय. थ्रीडी प्रिंटर नाही. ६ मिमी जाडीचा फोम आणि १२ व्होल्टची पांढरी एलईडी पट्टी आणून झाली आहे, तिला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी जोडायचा बेत आहे. डोळ्यांवर गडद व्हायझर (डोळ्यांसमोरची काच) आणि त्याच्यामागे दिवे, अशी कल्पना आहे. पण पुठ्ठ्याचा कच्चा नमुना करून पाहिला तर दिवे लागताच आतून समोरचं दिसेनासं झालं. चष्मा आहे. आणि हेल्मेट तीन-चार तास डोक्यावर राहणार आहे.

अशा वेळी बरेच जण आणखी गडद व्हायझर शोधायला निघतात, नाहीतर दिवे मंद करत बसतात. त्यातून फारसं काही साधत नाही. गडद व्हायझर असो की आरशासारखी फिल्म, दोन्ही एकतर्फी नसतात; आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रकाश त्या सारखाच अडवतात. जिकडे उजेड जास्त, तिकडच्या माणसाला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि अंधारातल्याला पलीकडचं दिसतं. भर उन्हात हेल्मेटच्या आत अंधार असतो, म्हणून तुम्हाला बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्यांना तुम्ही दिसत नाही. आत दिवा लावला की हिशेब उलटा होतो. तुम्हाला स्वतःच्या चष्म्याची चमक दिसते आणि समोरच्याला तुमचं उजळलेलं नाक. हॉलमधल्या मंद उजेडात हा प्रकार आणखी वाढतो.

तेव्हा दिव्यांचा कप्पा आणि डोळ्यांचा कप्पा वेगळे करा, मध्ये अपारदर्शक भिंत उभी करा. बाकीचं हेल्मेट याच एका गोष्टीभोवती आखायचं.

माझी पसंती अशी की रोबोटचे डोळे तुमच्या डोळ्यांसमोर ठेवूच नयेत. रोबोटच आहे तो. त्याचे डोळे कपाळावर आले तरी कोणी हरकत घेणार नाही. चमकणारे डोळे भुवयांच्या ५-६ सेंमी वर बसवा आणि तुम्ही खालच्या काळ्या पट्टीतून किंवा तोंडाच्या जाळीतून बघा. हेल्मेट उंच होतं हे खरं, पण पोशाखाचे खांदे थोडे रुंद केले की प्रमाण जमून जातं. बघायच्या फटीवर काचेऐवजी बारीक काळी जाळी ताणून बसवली तर धुकं धरायचा प्रश्नच मिटतो. जाळी डोळ्यांच्या जितकी जवळ तितकी ती नजरेला पुसट होते. बाहेरून ती निव्वळ काळी दिसते, पण त्यासाठी हेल्मेटची आतली बाजू मॅट काळी रंगवलेली हवी.

डोळे डोळ्यांच्याच जागी हवे असतील तर काचेभोवती चमकती कड करा आणि मधली काच गडद राहू द्या. यात दगा देते ती काचेची धार. कडेचा दिवा काचेच्या धारेला भिडला तर प्रकाश काचेतून आत वाहतो आणि पूर्ण व्हायझर धुरकट उजळतो. काच आणि दिव्यांची खाच यांच्यामध्ये काळ्या फोमची पट्टी चिकटवा, आणि डोळ्यांच्या बाजूने त्या खाचेला काळं झाकण द्या. नंतर अंधाऱ्या खोलीत हेल्मेट घालून दिवे लावा. नजरेच्या टोकाला कुठे प्रकाशाची रेघ दिसली तर ती तिथेच काळ्या टेपने बुजवा. आज किरकोळ वाटणारी ती रेघ तासाभरात डोकं दुखवते.

धारेतून प्रकाश वाहण्याचा हाच गुण गालांवरच्या आणि कपाळावरच्या नक्षीसाठी मात्र फार कामाचा आहे. ३ मिमी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या धारेला एलईडी लावले की प्रकाश आतल्या आत आपटत पुढे जातो, कारण अ‍ॅक्रिलिकच्या पृष्ठभागाशी लंबाशी साधारण ४२ अंशांपेक्षा जास्त कोनात आलेला किरण बाहेर पडू शकत नाही. जिथे पृष्ठभाग खरवडलेला असेल तिथेच तो बाहेर येतो. म्हणजे टोकदार सुईने कोरलेली सर्किटसारखी रेघ झळाळते आणि बाकीची शीट पारदर्शक राहते. फक्त बोटांचे ठसे आणि नको ते ओरखडेही तितक्याच उत्साहाने झळाळतात, त्यामुळे संरक्षक कागद अगदी शेवटी काढा.

आता मापाकडे वळू. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५४ ते ६० सेंमी असतो, पण नुसत्या घेरावर हेल्मेट बेतलं की हमखास आवळतं. आत पॅडिंग येणार, वायर येणार, पंखा येणार, चष्म्याच्या काड्या येणार. घट्ट टोपी घालून तिच्यावर कपाळाशी, दोन्ही बाजूंना आणि मागे १५ ते २० मिमी जाडीचे फोमचे तुकडे चिकटवा. त्यावर किचन रॅप गुंडाळा आणि वरून मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्या. हे काम दुसऱ्याकडून करून घ्या, आणि गुंडाळी भुवयांच्या खाली येऊ देऊ नका. नाक-तोंड मोकळंच राहिलं पाहिजे. टेपवर मधली रेघ आणि जोडांच्या रेघा काढायच्या, दर ३ सेंमीवर आडव्या खुणा करायच्या आणि मग मागच्या रेघेवर बोथट टोकाच्या कात्रीने कापून ती टोपी उतरवायची. तिचे सपाट तुकडे झाले की तुमच्या डोक्याचा साचा तयार. चेहऱ्याचा भाग वेगळा, पुठ्ठ्यावर आखा. आयते पेपर टेम्प्लेटही मिळतात, पण पहिल्या हेल्मेटला मला ही पद्धत बरी वाटते, कारण तिच्यात माप चुकायला फारशी जागाच उरत नाही.

चष्मा लावून हेल्मेट वरून घालता येत नाही. काड्या कानामागे अडकतात आणि काचा गालावर सरकतात. त्यापेक्षा चेहऱ्याचा पुढचा भाग सुटा करा. हेल्मेट आधी घालायचं, मग समोरून चष्मा लावायचा, मग चेहऱ्याची प्लेट बसवायची. प्लेट धरायला निओडिमियमची १० मिमी व्यासाची चुंबकं सहा-आठ पुरतात. प्रत्येक जोडीच्या समोरासमोर येणाऱ्या बाजूंवर चिकटवण्यापूर्वी मार्करने खूण करा, नाहीतर ऐन वेळी प्लेट बसण्याऐवजी ढकलली जाते. चुंबक इपॉक्सीने बसवा आणि वरून फोमचा पातळ तुकडा लावा. बसल्यावर त्यावर हीट गन (गरम हवा फेकणारं हत्यार) धरू नका; साध्या प्रतीची निओडिमियम चुंबकं ८० अंश सेल्सिअसच्या वर गेली की जोर गमावू लागतात. सुट्या प्लेटचा दुसरा फायदा असा की घुसमटल्यासारखं झालं तर एका हाताने चेहरा मोकळा करता येतो.

तुमचा ६ मिमी फोम मुख्य कवचाला योग्य आहे. वरच्या पट्ट्या, बोल्ट, चकत्या यांसाठी २ मिमीचा थोडा आणा. फोम कापताना ब्लेड नवी हवी. बोथट ब्लेड फोम फाडत जाते आणि मग कितीही घासलं तरी तो जोड लपत नाही. एका दमात आरपार कापू नका, हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा आणि ब्लेड उभी ठेवा. ती जरा कलली तरी दोन तुकडे जुळवताना बाहेरून फट राहते.

फोमवर रोबोटसारखे पॅनेल उमटवायची एक युक्ती बघण्यासारखी आहे. पट्टी ठेवून ब्लेडने जाडीच्या साधारण निम्म्यापर्यंत एकच चीर द्या. ती दिसतही नाही. आता तिच्यावरून हीट गन संथ फिरवा. सेकंदभर काहीच होत नाही आणि मग चीर ओठांसारखी दोन्हीकडे उलगडते, तिच्या कडा गोल होतात आणि पत्र्याच्या दोन तुकड्यांमधल्या फटीसारखी नेमकी रेघ तयार होते. त्याच उष्णतेने फोमचा खडबडीतपणा जाऊन पृष्ठभागावर किंचित तकाकी येते. वरची छिद्रं मिटल्याची ती खूण. इतपत तापवलेला फोम रंग कमी पितो, आणि गरम असतानाच गुडघ्यावर किंवा वाडग्यावर दाबून धरला तर गोलाई धरून ठेवतो. तकाकीच्या पुढे बुडबुडे दिसू लागले तर गन दूर न्या.

जोडायला कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह. दोन्ही कडांना पातळ थर, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा, मग खुणा जुळवत एका टोकापासून दाबत जायचं. एकदा टेकला की सरकत नाही. ग्लू गनचा जोड पटकन होतो म्हणून मोह होतो, पण कवचाच्या शिवणीला तो वापरू नका. उन्हात किंवा बंद गाडीत नरम पडतो आणि जाड वळ ठेवतो. या कामाला खिडक्या उघड्या आणि सेंद्रिय वाफा शोषणारी काडतुसं असलेला मास्क हवा. नुसता धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. तो फोम घासताना वापरा. साचा म्हणून थर्माकोलचं डोकं घेणार असाल तर त्याला आधी टेप गुंडाळा, नाहीतर हेच अ‍ॅडहेसिव्ह आणि स्प्रे रंग त्याला विरघळवून टाकतील. सुपरग्लू हाती असेल तेव्हा सुती हातमोजे किंवा कापूस जवळ नको. सुपरग्लू कापसात मुरला की इतक्या वेगाने तापतो की भाजतं.

दिव्यांचं बोलू. हेल्मेट घरगुती दिसतं की खरं वाटतं, हे एलईडी किती लावले यावर ठरत नाही. एलईडीचा ठिपका दिसला की जादू संपली. प्रकाश दिसावा, दिवा दिसू नये. त्यासाठी एलईडी आणि त्यावरचं दुधी आवरण यांत अंतर लागतं, आणि हे अंतर निदान दोन एलईडींमधल्या अंतराएवढं असावं. मीटरला ६० एलईडी असलेल्या पट्टीत दोन दिव्यांत सुमारे १७ मिमी अंतर असतं, म्हणजे आवरणही तितकंच दूर हवं, आणि हेल्मेटच्या भिंतीत तेवढी खोली मिळत नाही. मीटरला १४४ असतील तर ७ मिमीत भागतं. ज्यात ठिपके वेगळे दिसतच नाहीत अशी सीओबी पट्टी घेतली तर आणखी कमी खोली पुरते. आवरण म्हणून दुधी अ‍ॅक्रिलिक उत्तम, पण पांढरा २ मिमी फोमही अनपेक्षितपणे छान उजळतो आणि वळवता येतो. ट्रेसिंग पेपरचे दोन थरही चालतात. कप्प्याच्या आतल्या भिंती पांढऱ्या करा म्हणजे प्रकाश फिरत राहतो, आणि बाहेरच्या बाजूने काळ्या करा म्हणजे शिवणींतून गळत नाही. सुटे ५ मिमीचे पारदर्शक एलईडी वापरणार असाल तर त्यांचा झोत अरुंद असतो. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने त्यांचं डोकं घासून दुधी करा.

आणि प्रकाश कमीच ठेवा. फोटोत जास्त प्रखर निळा डोळा निळा येत नाही, मधोमध पांढरा फटक येतो आणि भोवती निळसर वलय उरतं. मंद ठेवला तर रंग टिकतो. मंद करायची साधी रीत म्हणजे जास्त ओहमचा रेझिस्टर (करंटला अडवणारा छोटा सुटा भाग). हिशेब सोपा आहे: पुरवठ्याच्या व्होल्टेजमधून एलईडीचं व्होल्टेज वजा करा आणि हवा असलेल्या करंटने भागा. ५ व्होल्टवर पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीला (सुमारे ३.२ व्होल्ट) १०० ओहम लावला तर १८ मिलीअँपिअर मिळतात, २२० ओहम लावला तर ८. हेल्मेटच्या डोळ्याला ८ पुरेसे आहेत. लाल एलईडी २ व्होल्टच्या आसपास घेतो, म्हणून त्याला २२० ओहमने १३-१४ मिलीअँपिअर मिळतात. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या. एकाच रेझिस्टरवर सगळे समांतर जोडले तर एखादा जास्त घेतो आणि बाकीचे फिके पडतात.

रंग बदलणारे, प्रोग्रॅम करता येणारे डब्ल्यूएस२८१२बी एलईडी आणि एखादा छोटा अर्डुइनो नॅनो (त्यांना हुकूम देणारा कंट्रोलर बोर्ड) हा पर्याय मोहात पाडतो. त्यातला एकेक एलईडी पूर्ण पांढरा असताना सुमारे ६० मिलीअँपिअर घेतो, म्हणजे २४ एलईडींना जवळजवळ दीड अँपिअर. प्रत्यक्षात पाव प्रखरतेवर भागतं. पण तो दिवा सेकंदाला काहीशे वेळा उघडझाप करून मंद होतो, डोळ्याला ते कळत नाही, मोबाइलच्या व्हिडिओत मात्र पट्टे येऊ शकतात. पहिल्या हेल्मेटला मी नुसता रेझिस्टर आणि स्विच एवढंच सुचवेन. लुकलुकणं हवंच असेल तर श्वासासारखी संथ चढउतार ठेवा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झटपट उघडझाप करू नका. प्रकाशाच्या लखलखाटाने ज्यांना फिट येते अशांना त्याचा त्रास होऊ शकतो, आणि गर्दीत कोण उभं आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

बॅटरी डोक्यावर नको, लिथियमची तर अजिबात नको. खिशात किंवा कमरेला साधी यूएसबी पॉवर बँक ठेवा. १०,००० एमएएच (बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. ५ व्होल्टला हाती साधारण ६,००० येतात. दिवे आणि पंखे मिळून अर्धा अँपिअर घेत असतील तरी तीन-चार तासांची चिंता नाही. एक खोड लक्षात ठेवा: बऱ्याच पॉवर बँका फार कमी करंट दिसला की काम संपलं असं समजून बंद होतात. चार एलईडी लावून चाचणी घेतली आणि अर्ध्या मिनिटाने सगळं विझलं, तर वायरिंगला दोष देण्याआधी हे तपासा. पंखाही त्याच लाइनवर घेतला की सहसा ही तक्रार राहत नाही.

मानेपाशी वायरला ओढलं की सुटणारा कनेक्टर द्या. कोणी वायरीत अडकलं तर कनेक्टर निघावा, सोल्डर तुटू नये. हेल्मेटच्या आत वायर शिरते तिथे ती फोमच्या पट्टीखाली चिकटवून टाका, म्हणजे ओढ जोडावर येत नाही. वायर पातळ सिलिकॉनची घ्या, वळवून वळवून ती लवकर तुटत नाही. प्रत्येक सोल्डरवर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवा. घाम खारट असतो आणि उघड्या जोडाला गंजवतो. दिव्यांचे कप्पे कायमचे बंद करू नका, मागचं झाकण वेल्क्रोवर ठेवा. कार्यक्रमाच्या दिवशी जो एलईडी जाईल तो नेमका चिकटवलेल्या कप्प्यातला असतो.

चष्म्यावर धुकं येतं ते उच्छ्वासाची दमट हवा वर चढते म्हणून. तोंडासमोर मोकळी जाळी, हनुवटीखाली फट आणि माथ्यावर मागच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा ४० मिमीचा ५ व्होल्टचा पंखा, अशी वाट करून दिली की गार हवा खालून येते आणि गरम वरून जाते. पंखा चेहऱ्यावर फुंकणारा लावला तर डोळे कोरडे पडतात आणि आवाज कानात घुमतो. पंखा कवचाला थेट न चिकटवता मऊ फोमच्या चौकटीत बसवा, घरघर बरीच कमी होते. कानांपाशी छिद्रं ठेवायला विसरू नका. आणि हे सगळं करूनही खालचं दिसणार नाही, तेव्हा जिना उतरताना सोबत कोणीतरी हवंच.

रंगाचं फार लांबवत नाही. सुतारकामाचा पांढरा ग्लू पाण्यात पातळ करून तीन-चार हात द्या किंवा लवचीक रबरी प्रायमर मारा. कडक प्रायमर फोम वाकला की तडकतो. त्यावर चकचकीत काळा आणि मग चंदेरीचे पातळ हात दिले की धातूचा भास होतो. रंग दिव्यांच्या आधी, आवरणं रंगानंतर.

राहिली तुमची १२ व्होल्टची पट्टी. अशा पट्टीत तीन-तीन एलईडी एकापाठोपाठ जोडलेले असतात. पांढऱ्या तीन एलईडींनाच नऊ-साडेनऊ व्होल्ट लागतात, म्हणून ९ व्होल्टच्या बॅटरीवर ती मिणमिणते. शिवाय त्या बॅटरीत जेमतेम ५०० एमएएच असतात आणि जास्त करंट मागितला की ती बसते. पट्टी वाया घालवायची नसेल तर ५ व्होल्टचे १२ करणारं छोटं बूस्ट मॉड्यूल पॉवर बँकेला जोडा. मीटरला ४.८ वॉटची साधी पट्टी असेल तर अर्ध्या मीटरला २.४ वॉट लागतात, म्हणजे पॉवर बँकेवर अर्ध्या अँपिअरच्या थोडं वर भार येईल. १४.४ वॉटची असेल तर तिप्पट, आणि मग बंद कप्प्यात ती तापेलही. तशी असेल तर छातीच्या कवचासाठी राखून ठेवा आणि डोक्यासाठी ५ व्होल्टची सीओबी घ्या. बूस्ट मॉड्यूल स्वतःही गरम होतं, त्याला फोममध्ये गाडू नका. कमरेच्या पाऊचमध्ये पॉवर बँकेशेजारी हवा लागेल असं ठेवा.